पोटात गाबोळी आहे, पण नदीत पिल्लं नाहीत: असं का होतं?

प्रश्न असा आहे. भीमेच्या खोऱ्यात, घाटाकडच्या अंगाला असलेल्या एका उपनदीवर पहिल्या पुराला चढणीचे मासे भरपूर यायचे, ते आता फार कमी झाले. मच्छीमार संस्थेनं तीन वर्षं रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, तरी जाळ्यात येणारा मासा लहानच असतो. जूनमध्ये मादीच्या पोटात गाबोळी (अंड्यांची पिशवी) गच्च भरलेली दिसते, पण दिवाळीच्या सुमारास नदीत पिल्लं दिसत नाहीत. वाढते आहे ती फक्त चिलापी (बाहेरून आणलेला तिलापिया मासा). नदीवर दोन कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि पाणी वरवर स्वच्छ दिसतं. मग बिघडलं कुठे?

गाबोळीपासूनच सुरुवात करू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. भरलेली गाबोळी एवढंच सांगते की मादीला हिवाळ्या-उन्हाळ्यात पुरेसं खायला मिळालं. ती अंडी पाण्यात पडली का, पडलेली फुटली का आणि फुटलेलं पिल्लू पहिला आठवडा जगलं का, हे तीन वेगळे टप्पे आहेत आणि प्रत्येकाला नदीतली वेगळी जागा लागते.

आपल्या नद्यांतल्या बहुतेक कार्प जातींत, म्हणजे खवल्यांच्या मोठ्या माशांत, अंडी मे अखेरपर्यंत तयार होतात आणि तिथेच थांबतात. पुढचा इशारा बाहेरून यावा लागतो. पाणी चढतं, गढूळ होतं, एकदम दोन-चार अंशांनी थंड होतं, प्रवाहाचा जोर अंगाला लागतो, आजूबाजूला नर जमतात. हे सगळं एकत्र आलं की मेंदूकडून त्याच्याखालच्या पियुष ग्रंथीला हुकूम जातो, ग्रंथी संप्रेरक सोडते आणि काही तासांत अंडी मोकळी होतात. साचलेल्या पाण्यात हा हुकूम येत नाही. म्हणूनच तळ्यात वाढवलेली रोहूची मादी गाबोळीनं फुगते, पण अंडी घालत नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी पियुष ग्रंथीचा अर्क टोचून मेजर कार्पची, म्हणजे रोहूसारख्या मोठ्या माशांची, अंडी मिळवली, ती नेमकी हीच अडचण ओलांडून. आजही हॅचरीत टोचलं जाणारं इंजेक्शन म्हणजे पुराच्या इशाऱ्याचा पर्याय आहे. नदीतल्या माशाला इंजेक्शन कोणी देत नाही. त्याला खरा पूरच लागतो आणि त्या पुरात वर चढता यावं लागतं.

तुमच्या नदीत गाडी याच टप्प्यावर अडली आहे का, हे तपासता येतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा सप्टेंबरच्या मध्यावर, एकाच जातीच्या दहा-दहा माद्या बाजारात जाण्याआधी तपासा. माशाचं वजन करा, गाबोळी अखंड काढून तिचं वेगळं वजन करा आणि गाबोळीचं वजन माशाच्या वजनाच्या किती टक्के आहे ते काढा. ८०० ग्रॅमच्या मादीत ९६ ग्रॅम गाबोळी म्हणजे १२ टक्के. अंडी घालून झालेल्या मादीत हा आकडा एक-दोन टक्क्यांवर येतो आणि पिशवी लोंबती, लालसर, रिकामी दिसते. सप्टेंबरमध्येही तो सहा-सात टक्के असेल, अंडी मळकट, सुरकुतलेली आणि गोळे झालेली असतील, तर मादीला अंडी घालायची संधीच मिळाली नाही आणि शरीर ती परत शोषून घेतं आहे. गाबोळी जूनमध्ये भरलेली आणि सप्टेंबरमध्ये रिकामी असेल, तर दोष अंडी पडल्यानंतरचा आहे. या एका तपासणीनं पुढचं अर्धं काम वाचतं.

पहिला प्रकार निघाला तर आधी बंधाऱ्याकडे जा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे खांबांमध्ये बसवलेल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या (काही भागांत त्यांना ढापे म्हणतात), पावसाळ्याआधी काढायचे आणि पावसाळा संपताना परत घालायचे असतात. बर्गे वेळेवर निघाले तर मासा खांबांमधून वर जाऊ शकतो, म्हणून मुळात हा बंधारा माशाला धरणाइतका घातक नाही. घात होतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे उशीर. चढण पहिल्या दोन-तीन पुरांतच होते आणि त्यातही बरीचशी संध्याकाळनंतर. ते पूर जूनमध्ये आले आणि बर्गे जुलैत निघाले, तर वर्ष हातचं गेलं. काही बर्गे अडकून राहिले तरी उरलेल्या फटींतून पाण्याचा वेग इतका वाढतो की लहान मासा त्यात टिकत नाही.

दुसरं कारण डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. बंधाऱ्याखालचा तळ दरवर्षी खरवडला जातो आणि काँक्रीटचा ओटा हवेत राहतो. बर्गे सगळे काढले तरी ओट्यावरून पाणी दोन-तीन फुटांच्या उडीनं खाली पडतं. मळ्या नावाच्या लहान माशाला याचं फारसं काही वाटत नाही. त्याच्या हनुवटीखाली चिकटणारी चकती असते आणि ओल्या दगडावरून तो इंचाइंचानं चढतो. बाकीच्यांचं तसं नाही. उडी मारायला खाली खोल पाणी लागतं, उडीच्या उंचीपेक्षा निदान सव्वापट तरी. आपल्याकडच्या बऱ्याच जाती मुळात उडी मारणाऱ्या नाहीतच, त्या तळाला धरून पोहतात. ओट्याखाली मोठ्या गोट्यांचा उतार रचणं हा यावरचा साधा उपाय आहे. दर एक फूट उंचीला निदान २० फूट लांबी ठेवा, मध्ये मध्ये आडव्या मोठ्या दगडांच्या ओळी घ्या, म्हणजे प्रत्येक पायरी वीतभरापेक्षा उंच राहणार नाही आणि तिच्यामागे विसाव्याचं पाणी साचेल. नुसते दगड ओतले तर पहिला पूर ते नेतो. खालच्या टोकाचे दगड तळात अर्धे गाडावे लागतात. हे काम जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय करू नका, कारण ओट्याच्या मजबुतीशी त्याचा संबंध आहे.

आता दुसरा प्रकार, म्हणजे अंडी पडली पण पिल्लं नाहीत. इथे जात महत्त्वाची ठरते, कारण सगळ्या माशांची अंडी सारखी नसतात.

रोहू, कटला, मृगळ यांची मादी किलोमागे लाख-दोन लाख, कधी त्याहून जास्त अंडी देते. अंडं पाणी पिऊन फुगतं, चिकटत नाही, हलक्या प्रवाहातही तरंगत-लोळत राहतं. २७ ते ३१ अंश तापमानात १४ ते १८ तासांत फुटतं. हिशोब करून पाहा. काही अंडी पुराच्या उथळ पाण्यात राहतात, पण जी प्रवाहात सापडली ती सेकंदाला अर्धा मीटर वेगानं १६ तासांत जवळपास २९ किलोमीटर जातात. जिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, त्यानंतरही वाहत राहतात. मध्ये बंधाऱ्याचा किंवा धरणाचा फुगवटा आला की प्रवाह मरतो, अंडी तळाच्या गाळात बसतात आणि गुदमरतात. म्हणून या माशांना नुसती अंडी घालायची जागा पुरत नाही, तिच्याखाली नदीचा सलग वाहता पट्टाही लागतो. आणि हेही लक्षात घ्या की हे तीनही मासे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले आहेत. कृष्णा-भीमेत ते माणसानं आणले. लहान उपनदीत त्यांचं प्रजनन जमलं नाही तर त्यावरून नदी मेली असा निष्कर्ष काढू नका. नदीची तब्येत इथल्या मूळच्या माशांवरून जोखा.

इथले मूळचे मासे म्हणजे महसीर, कोळस, पोटील, नकटा, मळ्या. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं पुण्याच्या परिसरातल्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली तेव्हा लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनमध्ये नेली, त्यामुळे मुल्या, कोलस, पोटैल, नुक्ता ही नावं आजही जगभरच्या याद्यांत आहेत. मुळा-मुठेतल्या महसीरचं टॉर खुद्री हे नावही त्यातलंच.

महसीरचं गणित रोहूच्या उलट आहे. अंडी थोडी, किलोमागे काही हजारच, पण मोठी, अडीच-तीन मिलिमीटरची, सोनेरी पिवळी आणि जड. ती तळाला जातात आणि खडी-गोट्यांच्या फटींत बसतात. फुटायला तीन-चार दिवस लागतात. त्यानंतरही पिल्लू उजेडापासून तोंड लपवून दगडांखाली पडून राहतं आणि पोटाखालच्या पिशवीतला बलक संपेपर्यंत बाहेर येत नाही. या सगळ्या दिवसांत त्याला हवा असतो तो खडीच्या फटींतून खेळणारा, प्राणवायूनं भरलेला पाण्याचा झरा. फट बुजली की अंडं संपलं. वरून पाणी काचेसारखं दिसत असेल तरीही.

म्हणून ‘पाणी स्वच्छ आहे’ हे वाक्य मी पुरावा मानत नाही. खडी तपासा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाणी गुडघाभर असताना, जिथे प्रवाह खळाळत उथळावरून जातो तिथे जा. तळ नसलेला डबा खडीत दाबून हातभर खोलपर्यंतची खडी बादलीत काढा, पाण्यासकट. चाळणीनं मोठे दगड वेगळे करा, उरलेलं काचेच्या सरळ बरणीत टाकून हलवा आणि एक दिवस निवू द्या. वाळू खाली बसेल, तिच्यावर गाळ. थंड प्रदेशातल्या ट्राउट आणि सामन माशांच्या अंड्यांबाबत असं वारंवार दिसलं आहे की बारीक माती-वाळूचं प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या पुढे गेलं की अंडी जगण्याचं प्रमाण झपाट्यानं खाली येतं. महसीरसाठी हाच आकडा जसाच्या तसा धरू नका, पण तुमच्या दोन-तीन जागांची आपापसात तुलना करायला तो पुरेसा आहे. गाळ कुठून येतो ते शोधताना वरच्या अंगाची डोंगर कापून काढलेली प्लॉटिंगची कामं, रस्त्यांची माती आणि काठावरची नांगरट आधी बघा. वाळूउपसा दुहेरी मारतो. खडी-वाळू नेतो, आणि ढवळलेला गाळ खालच्या खडीवर बसवतो.

पाण्याची पातळी रोज वरखाली होणं हाही वेगळा धोका आहे. जलविद्युत केंद्राच्या खाली नदी सकाळी भरते आणि नंतर ओसरते. कोलाडचं राफ्टिंग कुंडलिकेत वरून सोडलेल्या पाण्यावरच चालतं, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. अशा नदीत भरतीच्या वेळी काठावर घातलेली अंडी दुपारी उघडी पडू शकतात. तुमच्या वरच्या अंगाला असं केंद्र नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

फुटलेल्या पिल्लांचा पहिला आठवडा सगळ्यांत नाजूक. कार्पच्या जिऱ्याचा बलक साधारण तीन दिवसांत संपतो आणि त्याचं तोंड इतकं बारीक असतं की त्यात फक्त अतिसूक्ष्म प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) मावतो. वाहत्या नदीत तो फार नसतो. तो असतो नुकत्याच बुडालेल्या जमिनीवर. कोरड्या मातीवर पाणी चढलं की त्यातली पोषणद्रव्यं सुटतात, चार-पाच दिवसांत बारीक प्लवंग उठतो, मागून मोठा. मासे नेमके पहिल्या पुरालाच अंडी का घालतात, याचं उत्तर इथे आहे: पिल्लाची भूक आणि प्लवंगाची लाट यांची वेळ जुळते. भाताची खाचरं, ओढ्याकाठची पाणथळ, लव्हाळीचे पट्टे ही पिल्लांची खरी बालवाडी. वळगण म्हणून कोकणात चढणीचे मासे धरण्याचा जो सोहळा होतो तो याच वाटेवरचा. चढणीचा मासा गाबोळीसकट खाचराच्या तोंडाशी बांबूच्या सापळ्यात धरला, तर एका माशाबरोबर काही हजार ते लाखभर अंडी जातात. सगळी पकड बंद करा असं मी म्हणत नाही. पहिले दोन पूर सोडा, मग धरा. हा फरक फार मोठा आहे.

खाचर आणि नदी यांच्यातली मोरी जाळीनं बंद असेल तर ती पावसाळ्यात उघडी ठेवा. खाचराच्या एका कडेनं दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर ठेवला, तर पावसानं ताण दिला तरी पिल्लं तगतात आणि सप्टेंबरअखेर पाणी उतरताना त्याच चरातून नदीत परततात. कीटकनाशक मारायचं झाल्यास आधी चराचं पाणी खाचरापासून तोडा.

आणि मग उन्हाळा. पुण्या-साताऱ्याकडच्या नद्या एप्रिल-मेमध्ये तुटतात, उरतात ते डोह. वर्षभराची सगळी मासळी त्या सहा-आठ आठवड्यांत चार-दोन डोहांत गोळा झालेली असते. पावसाळा कितीही चांगला गेला, तरी पुढच्या जूनला चढायला किती मासे उरणार हे डोह ठरवतो. माझ्या मते तुमच्या नदीत सगळ्यांत आधी डोह वाचवायला हवेत, बंधाऱ्याच्याही आधी. तिथे जिलेटिन, ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक किंवा बॅटरीचा करंट एकदा वापरला की पंधरा-वीस वर्षांच्या माद्या एका सकाळी जातात. स्फोटकांनी आणि विषानं मासे मारणं कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार करताना ते नमूद करा.

मोठी मादी गेली की किती जातं ते पाहा. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं आणि अंडीही निदान तेवढीच वाढतात. ६० सेंटिमीटरची एक मादी ३० सेंटिमीटरच्या आठ माद्यांची बरोबरी करते. महाडजवळचं वाळणकोंड आणि वैतरणेवरचं तिळसे इथे देवाचे मासे म्हणून जे राखले गेले, त्याची किंमत यात आहे. तिथला डोह प्रौढ माद्या राखतो.

डोहात पहाटे साडेपाच-सहाला विरघळलेला प्राणवायू मोजा. ड्रॉपर किट पुरतं. दुपारचा आकडा फसवा असतो, कारण शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री ओढतं. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर असेल तर ठीक, तीनच्या खाली गेला तर मासा जगण्यातच ताकद घालवतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू मावतोही कमी, २० अंशाला सुमारे ९, ३० अंशाला साडेसात, आणि माशाची गरज मात्र वाढते. म्हणून काठावरचे उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज तोडू नका. सावली मिळते, आणि पडलेली उंबरं महसीर खातो. मोटारींच्या फुटव्हॉल्व्हला बारीक जाळी लावा आणि डोहात निदान दोन पुरुष पाणी उरेल अशी उपशाची खूण दगडावर रंगवून ठेवा.

मासा लहान का राहतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच दडलेलं असतं. मासा आयुष्यभर वाढू शकतो, पण किती वाढायचं हे जागा, अन्न, प्राणवायू आणि गर्दी ठरवतात. परिस्थिती तंग झाली की अनेक जाती वाढ थांबवून लहानपणीच अंड्यावर येतात. चिलापी त्यात सगळ्यांत पटाईत. १९५२ मध्ये ती भारतात आली. गर्दीच्या पाण्यात बोटभर लांबीची मादी अंड्यावर येते, ती अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, नर साचलेल्या उथळात खळगा करतो. पूर नको, खडी नको, खाचर नको. उन्हाळी दिवसांत दर चार-सहा आठवड्यांनी नवी वीण. नदीचे आपण बंधाऱ्यांनी तलाव केले, तेव्हा खेळाचे नियमच तिच्या बाजूनं बदलले. उजनीत ती का माजली हे यावरून कळावं. तिला पकडून संपवता येत नाही, पण वाहतं पाणी, खडी आणि शिवडा-मरळीसारखे शिकारी मासे परतले की तिचा जोर कमी होतो.

वाढ खुंटली आहे की मासा फक्त वयानं लहान आहे, हे ओळखायला वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला १०० नं गुणा आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनानं भागा. ३० सेंटिमीटरचा मासा ३२४ ग्रॅम भरला तर १.२ येतो, २१६ ग्रॅम भरला तर ०.८. एकाच जातीची, एकाच महिन्यातली तुलना करा आणि गाबोळी असलेल्या माद्या वगळा, नाहीतर आकडा फुगतो. आकडा चांगला पण मासे लहान, तर जाळ्याचा डोळा बारीक आहे आणि मोठे होण्याआधीच ते उचलले जात आहेत. आकडाच खाली असेल तर उपासमार किंवा गर्दी.

यावर आणखी बोटुकली सोडणं म्हणजे उपाशी पंगतीत आणखी पानं मांडणं. सोडायचीच झाली तर चार इंचांहून लहान सोडू नका, आणि महसीर सोडायचा असेल तर याच खोऱ्यातला. लोणावळ्याला वळवण इथे १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास होते आणि अंडं फुटण्याचा प्रश्न तिथे सुटला आहे. पण तिथला टॉर खुद्री कावेरीत सोडला गेला आणि तिथल्या मूळच्या कुबडी महसीरची जागा त्यानं घेतली. तो कुबडी महसीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. खोरं बदललं की चांगल्या हेतूनंही नुकसान होतं.

तुमच्या हाताशी आहेत ते दिवस असे वापरा. मार्चमध्ये दोन डोह ठरवून ग्रामसभेत ठराव करा, तिथे जूनपर्यंत जाळं पडणार नाही. मे अखेर बर्ग्यांची यादी करून शेवटचा बर्गा निघेपर्यंत उभं राहा. पहिले दोन पूर पकड बंद. मग नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मच्छरदाणीच्या कापडाची दहा फुटी ओढणी (ओढायचं जाळं) घेऊन, प्रत्येक उथळ काठावर तीनदा ओढा, पिल्लं जातवार मोजा, लांबी लिहा आणि पाण्यात परत सोडा. दरवर्षी त्याच जागा, त्याच तारखा, तीच ओढणी. मळ्या आणि कोळसाची एक-दोन इंची पिल्लं त्यात दिसू लागली की वरची खडी उघडायला लागली असं समजा. महसीरची दिसायला बहुधा त्याहून जास्त वर्षं लागतील, कारण त्याची मादी अंड्यावर यायलाच काही वर्षं जातात.